खुर्चीचा वाटा

२ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. बॅगेचा पट्टा वाटेतच तुटला, टोपीवर कुणीतरी बसलं, पण मन असं हलकं की जणू लग्नघरी निघालोय. या वयात माणसाला कामासाठी बोलावणं येतं म्हणजे काय चेष्टा आहे? लेकीने फोनवर दहादा विचारलं, बाबा, नक्की काम काय? म्हटलं, लोक पत्ते खेळताना चुकतात, त्यांना त्या चुका सांगायच्या. ती हसली. म्हणाली, ते तर तुम्ही फुकटही करता.

घर दुमजली, रस्त्याच्या शेवटाला. पुढे काचेची पडवी, तिच्यात गोल टेबल. मला वरची खोली दिली आहे. खाट, खिडकी, लिहायला छोटं मेज, दाराला नवी कडी. खाली राहणारी माणसं चार. थोरले मालक, त्यांना अर्धांगवायू झालाय. त्यांची बायको, तिला सगळे वहिनी म्हणतात, मीही म्हणेन. थोरल्यांचा धाकटा भाऊ, हे धाकटे. आणि सूनबाई, थोरल्यांच्या मुलाची बायको. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येतो. सूनबाई तिशीच्या आत-बाहेर. मला पाहताच मास्तरकाका म्हणाली आणि बॅग हातातून ओढून घेतली. माझ्या लेकीच्याच वळणाची.

मी कुणाचा मास्तर नाही. क्लबात तीस वर्षं पत्ते वाटले, त्यात बघून बघून जे शिकलो ते. धाकट्यांनी मला तिथेच पाहिलं होतं. डाव संपल्यावर कुणी काय चूक केली हे मी पानं पुन्हा मांडून सांगायचो, ते त्यांच्या लक्षात राहिलं.

कामाची बोलणी जिन्यातच झाली. धाकटे म्हणाले, मास्तर, बाकी काही नाही, डाव अर्धा-अर्धा व्हायला हवा, एवढं बघा. मी हो म्हटलं. नवशिक्याला खेळ समजावून घेताना असंच बोलायची खोड असते.

३ नोव्हेंबर

आज यांचा खेळ पाहिला. देवा रे. तीस वर्षांत इतकी भिकार पत्तेबाजी मी पाहिली नाही.

खेळ तसा सुंदर आहे. प्रत्येकाला सात पानं. पहिली दोन झाकलेली, मग चार उघडी, शेवटचं पुन्हा झाकलेलं. दर पानाला चाल, म्हणजे मधल्या ढिगात भर घालायची, आणि नको असेल त्याने पॅक करायचं, म्हणजे पानं पालथी घालून बाजूला व्हायचं. शेवटी ज्याची पानं सगळ्यांत भारी, त्याला मधल्या ढिगाचा अर्धा भाग. ज्याची सगळ्यांत हलकी, त्याला दुसरा अर्धा. हलकी म्हणजे सातांतली पाच वेगवेगळी पानं, एकही अठ्ठीच्या वर नाही. एक्का दोन्हीकडे चालतो. म्हणून शहाणा माणूस एक्का-दुर्री-तिर्री घेऊन बसतो, म्हणजे तेच पत्ते भारीही होऊ शकतात आणि हलकेही, आणि ढीग अख्खा आपल्याकडे येतो. या खेळाचं सगळं सार एवढंच, अर्ध्यासाठी बसू नका. आणि जी पानं उघडी पडून गेली ती डोक्यात ठेवा. ती आता कुणालाच मिळणार नाहीत.

ही मंडळी काय करतात? पैसे नाहीत, शर्टाची बटणं लावतात. बरणीभर बटणं. डावही रोज नाही, एक दिवसाआड, जेवण झाल्यावर, आणि तोही एकच. एका डावासाठी मला प्रवास करायला लावला. खेळणारे तिघे, वहिनी, धाकटे, सूनबाई. आणि चौथी खुर्ची रिकामी.

रिकाम्या खुर्चीलाही पानं वाटतात. तिची बटणं धाकटे पुढे सरकवतात, झाकलेली पानं शेवटी वहिनी उलटतात. मी विचारलं तर म्हणाल्या, आमच्याकडे असंच आहे. घराघरांत काही ना काही असतंच, मी सोडून दिलं. खुर्ची अर्थात कधी पॅक करत नाही. लाकूड ते.

पण माणसांनी लाकडाशी हरावं? धाकट्यांकडे गुलामांची जोडी होती, खुर्चीकडे छक्क्यांची. शेवटी यांनी जोडी दाखवलीच नाही. पालथी घातली. खुर्चीला अर्धा ढीग गेला आणि वहिनींनी असा श्वास सोडला की जणू दवाखान्यातून बरी बातमी आली. मी कपाळावर हात मारला. बाकी काय करणार?

५ नोव्हेंबर

चहाच्या वेळी पहिली तपासणी केली. दुसरी गड्डी घेतली, सगळ्यांची उघडी पानं आठवून टेबलावर मांडली आणि एकेकाला धुतलं. माझी पद्धत क्लबातली आहे, ज्याचं बोलून झालं त्याची पानं परत गड्डीत.

धाकट्यांना म्हटलं, तुम्ही जिंकलेली पानं पालथी घालता, याला दानधर्म म्हणतात, खेळ नव्हे. ते टक्कल चोळत बसले. वहिनींना म्हटलं, हातात तीन हलकी पानं असून तुम्ही दश्शीच्या जोडीमागे धावलात, घर जळत असताना माणूस तिजोरी सोडून चप्पल वाचवतो तसं. वहिनी म्हणाल्या, बरोबर आहे मास्तर, चप्पल वाचली ना? या बाईचं डोकं कुठे चालतं कळत नाही. सूनबाई मात्र कान टवकारून होती. तिने पाचव्या पानाला नेमका प्रश्न विचारला, बदाम चव्वी तर आधीच गेली होती, मग मी कशाची वाट पाहत होते? म्हटलं, पोरी, या घरात डोकं वापरणारी तू एकटी.

मग गमतीने खुर्चीचीही तपासणी केली. म्हटलं, या टेबलावरचा सगळ्यांत गाढव गडी हा. राजा, नव्वी, तिर्री अशी फाटकी पानं घेऊन शेवटपर्यंत बसतो. अरे शहाण्या, चौथ्या पानाला पॅक कर. खराब पानं टाकण्यात लाज नसते. पॅक करणं हेच अर्धं शिक्षण.

सूनबाई खळखळून हसली. वहिनी मात्र भिंतीसारख्या पांढऱ्या झाल्या. मला म्हणाल्या, त्याची तपासणी नका करू, मास्तर. मी म्हटलं, त्याची? ती खुर्ची आहे. त्या उठून आत गेल्या. चहा तसाच राहिला.

असल्या घरात खेळ कसा रुजणार?

६ नोव्हेंबर

थोरल्यांजवळ बसलो होतो. उंचापुरा माणूस, एकेकाळी टेबलावरचा खरा गडी हाच, असं सूनबाई सांगते. आता डावा हात, डावा पाय, डावा गाल, सगळं खुंटीला टांगलेल्या कपड्यासारखं. जेवतात ते ताटलीची उजवी बाजू. मधोमध सुरी फिरवावी अशी रेघ राहते आणि डावीकडचं अन्न तसंच.

मी असे रुग्ण पाहिलेत. त्यांना डावी बाजू दिसतच नाही. ताटली फिरवून द्यावी लागते, एवढंच. वहिनींना इतकंही सुचत नाही याचा राग आला. मी ताटली फिरवली, म्हटलं, घ्या मालक, भाजी तुमच्या पुढ्यात आली. त्यांनी घास घेतला नाही. उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं.

मी त्यांचा पेला भरायला वळलो. परत पाहतो तर ताटली पुन्हा पहिल्यासारखी. आणि डावी बाजू चाटूनपुसून स्वच्छ.

खोलीत मांजर असणार. खिडकी बंद होती, पण मांजर कुठूनही येतं.

९ नोव्हेंबर

सूनबाईची शिकवणी जोरात आहे. सकाळी ती भाजी चिरते, मी समोर बसून पानं मांडतो. ही पानं असतील तर काय करशील? पॅक. ही? बसेन. का? दोन्हीकडे जातात म्हणून. चूक सापडली की जीभ चावते आणि पुन्हा सांगते. तिला कुणी खेळायला शिकवलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी थोरले आजारी पडले, टेबलाला तीन माणसं लागतात म्हणून हिला बसवलं, आणि एवढंच सांगितलं की खुर्चीचं अर्धं सोडत जा. का, तर घरची रीत. ती म्हणाली, काका, जिंकायचं नाही असा खेळ कुणी खेळतं का? मी म्हटलं, तुझ्या सासरचे खेळतात.

धाकटे आज मला बागेत घेऊन गेले. इकडे तिकडे पाहत म्हणाले, मास्तर, तुम्ही सूनबाईला भलतं शिकवताय. तुम्हाला बोलावलं ते डाव बरोबर अर्धा कसा पडेल ते सांगायला. हल्ली पानं विचित्र येतात, आमच्याकडून जमत नाही. मी म्हटलं, आणि नाही पडला अर्धा तर? ते म्हणाले, दादांनी एकदा अख्खा घेतला होता.

एवढंच. आत जाऊन दार लावून घेतलं त्यांनी. चांगला शिकलेला माणूस, भावाच्या आजाराचं खापर पत्त्यांवर फोडतो. मला किळस आली. कुणी डॉक्टरला दाखवायला नको, औषध नको, खुर्चीला बटणं वाटा.

११ नोव्हेंबर

आजचा डाव नावाजण्यासारखा. सूनबाईने हलका अर्धा घेतला, खुर्चीला भारी अर्धा गेला. वहिनी खूश, मीही खूश, प्रत्येकाचं कारण वेगळं.

तपासणीत खुर्चीला पुन्हा घेतलं. वहिनी नको नको म्हणत असताना घेतलं. म्हटलं, आज तुझं नशीब, पण चौथ्या पानाला तू टाकायलाच हवं होतंस. नशिबाला खेळ म्हणत नाहीत. बसणारे पुष्कळ असतात, टाकणारा गडी वेगळाच. बोलता बोलता लक्ष गेलं. खुर्चीच्या गादीला मधोमध खळगा पडलाय, नुकतंच कुणी बसून उठावं तसा. गादी जुनी आहे.

लेकीचा फोन आला होता. सूनबाईबद्दल सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला तिथे लेक मिळाली म्हणा की. म्हटलं, मिळाली.

१३ नोव्हेंबर

नीट लिहितो. जसं झालं तसं.

जेवण झालं, पडवीत ऊन होतं, काचा उघड्या. पानं वाटली. सूनबाईकडे वर बदाम राणी आणि एक्का. खुर्चीकडे वर गुलाम, मग नव्वी. फाटकी पानं. वहिनी पाचवं पान वाटायला लागल्या आणि त्यांचा हात हवेत थांबला.

खुर्चीची पानं पालथी होती. चारही. नीट एकावर एक, कडा जुळवून, बाजूला सरकवलेली.

खुर्चीने पॅक केलं होतं.

कुणी हात लावला नव्हता. मी सगळ्यांचे हात बघत होतो, ते माझं आयुष्यभराचं काम आहे.

धाकट्यांनी त्याच क्षणी आपली पानं टाकली. वहिनींनीही. कसली घाई, पाण्यात बुडणाऱ्या माणसांची. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला पुढे काय करावं कळेना. आणि मी, मी म्हातारा मूर्ख, मान हलवली. बस म्हणून. खरं तर बसायचं काही उरलंच नव्हतं, बाकी सगळे गेल्यावर जो राहील ढीग त्याचा. पण मी मान हलवली हे खरं.

अख्खी बटणं तिच्याकडे आली. तिने दोन्ही हातांनी कवटाळली. काका, अख्खा, असं म्हणाली. मी टाळ्या वाजवल्या.

वहिनी टेबलावर डोकं ठेवून बसल्या होत्या. मी धाकट्यांना म्हटलं, ही हातचलाखी कुणाची? ते म्हणाले, तुमची. तुम्ही शिकवलंत त्याला.

१४ नोव्हेंबर, सकाळ

न्हाणीघराबाहेर सूनबाईची ओली पावलं. स्वयंपाकघरापर्यंत. सगळी उजव्या पायाची.

ती चालत होती नीट. मी पाहिलं. दोन्ही पाय टेकत होते. पण फरशीवर एकच उमटत होतं.

केस उजवीकडचे विंचरलेले. डावीकडे झोपेतून उठल्यासारखे. मी म्हटलं, पोरी, आरशात बघ. म्हणाली, बघूनच तर आले. हसली ती अर्ध्या तोंडाने.

भाजी चिरायला घेतली. फळीच्या उजव्या बाजूचीच चिरली. ती झाल्यावर डावीकडची मी उचलून पुढ्यात ठेवणार होतो. पाहतो तर ती आधीच संपली होती.

तिला हळूच विचारलं, डावीकडे दिसतं ना गं? ती म्हणाली, तिकडे कुणी बसलंय, म्हणून मी बघत नाही.

१४ नोव्हेंबर, दुपार

डॉक्टर येऊन गेला. कमी वयात होतं कधी कधी, म्हणाला. विश्रांती घ्या. फुकट गेला.

धाकट्यांना गाठलं, गच्चीवर. या वेळी कॉलर धरली. आता सगळं ओकले. हे घर घेतलं तेव्हापासून ती खुर्ची आहे, आणि तिच्यात बसलेलं ते. डाव नाही मांडला तर ते माणसांच्या उशाशी येऊन बसतं. डाव मांडला आणि अर्धं मिळालं की गप्प. ते कधीच टाकायचं नाही, मिळेल ते अर्धं घ्यायचं, म्हणून आजवर सांभाळता आलं. ज्याने अख्खं नेलं, त्याच्याकडून ते आपलं अर्धं घेऊन जातं. बटणात नाही.

आणि आता त्याला टाकता येतं. ते टाकतं, आणि कुणाला तरी अख्खं घ्यावंच लागतं.

मी म्हटलं, मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? म्हणाले, तुम्ही हसला असता. खरं आहे. हसलोच असतो.

म्हटलं, तुम्ही दोघांनी तिला एकटीला सोडलंत. म्हणाले, मास्तर, तुम्हीच शिकवलंत, चौथ्या पानाला टाका.

असल्या माणसाच्या तोंडावर थुंकावं. थुंकलो नाही, कारण तो रडत होता. आणि कारण चूक माझी होती.

उद्या पुन्हा डाव. तीन माणसं लागतात. सूनबाईला बसवणार, उजव्या हाताने पानं धरता येतात तिला, म्हणाले. उरलेलं अर्धंही गेलं तर?

मी सांगितलं, तिच्या जागी मी बसेन. धाकटे इतक्या लवकर हो म्हणाले की कळलं, मला बोलावलं तेव्हाच हे त्यांच्या मनात होतं.

१४ नोव्हेंबर, दिवेलागण

खोलीत आलो. मेजावर माझी दुसरी गड्डी उघडून मांडलेली. कालचा डाव. चौघांचीही पानं जागच्या जागी. झाकलेलीसुद्धा, जी मी कधी पाहिली नव्हती.

तपासणीसाठी आणून ठेवलंय. माझ्यापुढे. विद्यार्थ्याने वही ठेवावी तसं.

मी मोठ्याने म्हटलं, टाकणं चुकलं. कधी टाकू नकोस. पान हललं नाही. खोटी तपासणी कुणालाही कळते. बरोबरच खेळलंय ते. माझ्या सगळ्या गड्यांत तेवढंच नीट शिकलं.

खरं कारण द्यायला हवं. असं कारण, जे मलाही पटेल. आणि ते समोर हवं, भिंतीला सांगून चालणार नाही. ज्याने अख्खं नेलं त्याच्याकडे ते येतं.

मग येऊ दे.

१५ नोव्हेंबर

बसलो. सूनबाईच्या जागेवर.

पहिली तीन पानं एक्का, दुर्री, तिर्री. मग चव्वी. पाचवं येण्याआधीच मला कळलं, पंजी येणार. तीस वर्षं वाटली, कधी अशी आली नाहीत. दोन्हीकडे जिंकणारी पानं, एकामागून एक.

खुर्ची मात्र आज लगेच टाकेना. पाचव्या पानापर्यंत बसली. बघत होती, वाटतं. मग तिची पानं पालथी झाली. आज मी पाहिलं. कडा आपल्या आपण उचलल्या गेल्या, हळू, अगदी मी टाकतो तशा, अंगठ्याने.

पहिली पाळी माझी होती. मी टाकलं असतं तर दोघांपैकी एक अडकला असता. वहिनींचे ओठ हलत होते. धाकटे माझ्याकडे बघत नव्हते. इतक्या वर्षांत मी या दोघांइतका कुणाचा तिरस्कार केला नाही, आणि तरी वाटलं, म्हातारे झाले आहेत, घाबरले आहेत.

म्हटलं, चाल.

दोघांनी टाकलं. बटणं माझ्याकडे आली. एक हिरवं होतं, लहान मुलाच्या स्वेटरचं.

सूनबाई दारात उभी होती. अर्ध्या तोंडाने म्हणाली, काका, का बसलात? तुम्हीच तर सांगता, पॅक करणं—

तिला म्हटलं, जा, पड जरा.

१६ नोव्हेंबर

उठलो. खिडकी दिसत नाही. असणार तिथेच, डावीकडे.

ऊन आहे. उजव्या गालाला लागतं.

हात चालतो लिहायचा. ओळी कुठून सुरू करतोय कळत नाही. पान निम्मं—

समोर बसलंय. डावीकडून येऊन समोर. बघू नये असं वाटतं. मेज हलतं आहे. पानं मांडतंय. कालचा डाव. माझी पद्धत. माझ्यासारखाच अंगठा.

तपासणी करतो. आवाज अर्धाच येतो पण येतो.

म्हटलं, काल तू टाकलंस. मिळालं काय? म्हाताऱ्याचं अर्धं. गुडघा दुखणारं. उद्या टाकशील, धाकट्याचं मिळेल. मग वहिनीचं. मग? टेबलाला तीन माणसं लागतात. माणसं संपली. डाव संपला. तू आणि रिकाम्या खुर्च्या. बसून राहिलास तर दर डावाला अर्धं. एक दिवसाआड, कायमचं. हिशेब कर. मी अख्ख्यासाठी खेळायला शिकवलं, ते एका डावापुरतं खरं. या टेबलावर अर्धंच मोठं. ही माझी चूक. मास्तरची. तुझी नव्हे.

हे खरं आहे. मला पटलंय.

थांबलंय ते. ऐकतंय.

त्याची पानं त्याने गड्डीत ठेवली. म्हणजे पटलं. ज्याचं झालं त्याची—

नाही. अजून आहे.

माझी पानं मांडली. एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी. शेजारी एक पान. माझं नाही ते. बदाम राणी. सूनबाईच्या डावातली.

विचारतंय. बोट आधी माझ्या पानांवर. मग राणीवर. तुम्ही का नाही टाकलं?

चांगला प्रश्न. मीही हाच विचारला असता. असा गडी कशासाठी बसतो, ते कळलं की त्याला कुठे धरायचं ते कळतं. मीच शिकवलं.

उत्तर चुकलं तर ते खाली तिच्याकडे जाईल—

जिन्यात तिचा आवाज. चहा आणते म्हणतेय. नको म्हणून ओरडायला जीभ—

तपासणी. शेवटची. जितकी कडू करता येईल तितकी.

म्हटलं, हा म्हातारा हावरट. आयुष्यभर दुसऱ्यांची पानं वाटली, स्वतःच्या हाती कधी आली नाहीत. एकदा आली. सोडवेनात. राणीबिणी काही नाही. कुणासाठी नाही. इतका गाढव गडी मी पाहिला नाही. चौथ्या पानाला टाकायला हवं होतं, हव्यासापायी बसला. याच्यापासून शिकण्यासारखं काही नाही. पुढचं घे.

बघतंय. माझ्याकडे. दोन्ही—

विश्वास ठेव. सगळ्यांना वाईट म्हणालो तेव्हा ठेवलास, आता मला—

राणी उचलली.

गड्डीत ठेवली. मधे. पिसली.

बरं झालं. झालं तिचं.

पावलं दारापाशी थांबली. परत वळली. दोन. दोन पावलं वाजताहेत. डावं, उजवं.

आता मेजावर माझीच पानं. पालथी घालतंय. पंजी. चव्वी. तिर्री. दुर्री. एक्का तेवढा हातात धरून उजवीकडे